फ्रँक सटक्लिफ : एका गावाचा फोटोग्राफर



परिसर अभ्यास शिकवताना मुलं बऱ्याचदा म्हणतात, आपल्या गावात बघण्यासारखं काय आहे? ना किल्ला, ना मोठं देऊळ, ना धरण. पालकांनाही तसंच वाटतं. अशा वेळी मुलांना सांगता येईल असं एक चरित्र आज देत आहे. हा माणूस इंग्लंडचा आणि त्याचं गाव समुद्राकाठचं, पण त्याचं काम आपल्या वर्गाला फार जवळचं आहे.

बालपण आणि जबाबदारी

फ्रँक मेडो सटक्लिफ यांचा जन्म 6 ऑक्टोबर 1853 रोजी लीड्स शहराजवळ हेडिंग्ले येथे झाला. वडील थॉमस हे चित्रकार होते. त्यामुळे प्रकाश, सावली, चित्राची मांडणी या गोष्टी फ्रँक यांना घरातच शिकायला मिळाल्या. तरुणपणीच त्यांना फोटोग्राफीचा नाद लागला. 1870 च्या सुमारास हे कुटुंब यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी गावाजवळ राहायला आलं. थोड्याच दिवसांत वडील वारले. फ्रँक थोरले. वय जेमतेम अठरा. आता छंदावर पोट भरणं भाग होतं.

1875 मध्ये त्यांचं लग्न व्हिटबीतल्याच एलायझा डक यांच्याशी झालं. दोघांनी दक्षिणेकडे टनब्रिज वेल्स या श्रीमंतांच्या गावी जाऊन स्टुडिओ थाटला. पण धंदा चालला नाही. वर्षभरात ते परत व्हिटबीला आले.

जुन्या कारखान्यातला स्टुडिओ

व्हिटबीत ‘जेट’ नावाच्या काळ्या चकचकीत दगडाचे दागिने बनत. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली दबून दगड झालेलं लाकूड म्हणजे जेट. राणी व्हिक्टोरियाने पतीच्या निधनानंतर काळे दागिने वापरले आणि त्यांची मोठी फॅशन आली. पुढे ती ओसरली आणि कारखाने बंद पडू लागले. अशाच एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेत सटक्लिफ यांनी स्टुडिओ सुरू केला.

रेल्वेमुळे व्हिटबीला उन्हाळ्यात पर्यटकांची गर्दी असे. त्यांचे फोटो काढायचे, त्यावर घर चालायचं. पण याचा एक तोटाही होता. बाहेर सगळ्यात छान ऊन असे तेव्हाच त्यांना स्टुडिओत अडकून पडावं लागे. दूरच्या प्रदेशात जाऊन डोंगरदऱ्या टिपणं त्यांना शक्यच नव्हतं. मैल-दोन मैलांच्या पलीकडे जाता येत नाही, ही खंत त्यांना होती.

मग त्यांनी काय केलं? तेवढाच टापू पुन्हा पुन्हा बघितला! तेच बंदर, तोच धक्का, त्याच अरुंद गल्ल्या. धुक्यात, पावसानंतर, पहाटे, भरती-ओहोटीला.

त्यांनी काय टिपलं?

मासेमारी करून आलेल्या होड्या, धक्क्यावर टेकून गप्पा मारणारे म्हातारे कोळी, विणता विणता बोलणाऱ्या बायका, खेळणारी पोरं, शेतात राबणारे लोक. कोळी लांब दोरीला शेकडो गळ लावून मासे धरत. त्या गळांना लावायचं आमिष म्हणून बायका आणि मुली खडकांवरचे शिंपले खरवडून गोळा करत. पुरुष समुद्रावर जात, पण निम्मं काम घरातल्या बाईचंच असे. हे आज आपल्याला दिसतं ते अशा फोटोंमुळेच.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे जड लाकडी पेटी. फोटो काचेच्या प्लेटवर निघत. लोकांना क्षणभर स्थिर राहावं लागे, म्हणून सटक्लिफ त्यांना कुठे, कसं उभं राहायचं ते सांगत. तरीही ती माणसं अवघडलेली दिसत नाहीत. कारण उघड आहे. फोटो काढणारा त्यांच्याच गावात राहणारा, रोजच्या ओळखीचा होता.

गाजलेला फोटो

1886 मध्ये त्यांनी बंदरात उघड्यानागड्या डुंबणाऱ्या मुलांचा फोटो काढला. ‘वॉटर रॅट्स’ हे त्याचं नाव. आपल्याकडे नदीवर, विहिरीवर पोरं पोहतात तसंच ते दृश्य. गावातले काही धर्मगुरू यावर नाराज झाले. पण तज्ज्ञांनी फोटोचं कौतुक केलं आणि ब्रिटनच्या युवराजांनी त्याची मोठी प्रत विकत घेतली. सटक्लिफ यांना आयुष्यात साठहून अधिक पदकं मिळाली. 1892 मध्ये ‘लिंक्ड रिंग’ ही फोटोग्राफीला कला मानणारी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. पुढे वर्तमानपत्रातून त्यांनी अनेक वर्षं सदरही लिहिलं.

उत्तरायुष्य

1922 मध्ये त्यांनी स्टुडिओ विकला. वय जवळपास सत्तर. पण घरी न बसता ते गावच्याच संग्रहालयाचे अभिरक्षक झाले आणि 1940 पर्यंत ते काम केलं. म्हणजे आधी गावाचे फोटो जपले, नंतर गावाच्या वस्तू! 31 मे 1941 रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या फोटोंतली शिडाची जहाजं गेली, गळाला आमिष लावणाऱ्या बायकांचं ते कामही राहिलं नाही. काचा मात्र टिकल्या.

वर्गात काय करता येईल?

1. मुलांना विचारा : आजी-आजोबांच्या वेळचं कोणतं काम आज गावात दिसत नाही? जातं, मोट, कल्हई, उत्तरं भराभर येतील. त्यातल्या किती गोष्टींचा फोटो कुणाच्या घरी आहे, तेही शोधायला सांगा.

2. एकच जागा निवडा. पार, एसटी थांबा किंवा पाणवठा. महिन्यातून एकदा तिथलाच फोटो पालकांच्या मोबाईलवर काढा. माणसांना आधी विचारूनच काढायचा, हे मुलांना आवर्जून सांगा.

3. फोटोखाली तारीख, जागा आणि चाललेलं काम लिहायला लावा. ही ओळ फार महत्त्वाची. आपल्या घरातल्या जुन्या फोटोंमागे ती नसते, म्हणून पणजोबांच्या शेजारी कोण उभं आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

पालकांनो, आपल्या मोबाईलमध्ये वाढदिवसाचे शेकडो फोटो असतात. पण रोज भाकरी थापणाऱ्या आईचा, दुकान उघडणाऱ्या बाबांचा, शेळ्या घेऊन निघालेल्या आजीचा एक तरी आहे का? आज घरी गेल्यावर बघा. नसेल तर मुलांच्या हाती मोबाईल द्या आणि त्यांनाच काढू द्या.