डॉ. मारिया मॉन्टेसरी : बालकापुढे नम्र झालेली शिक्षिका

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी घरोघरी एकच चर्चा सुरू होते : मुलाला कोणत्या शाळेत घालावे? लातूर जिल्हा दहावी-बारावीच्या निकालांसाठी महाराष्ट्रभर ओळखला जातो. त्यात आता शाळांच्या पाट्यांवर इंटरनॅशनल हा शब्दही झळकू लागला आहे. सोयाबीन आणि तुरीच्या पैशांतून फी भरणाऱ्या आईवडिलांना त्या शब्दाची ओढ वाटावी, यात नवल नाही. परंतु जागतिक दर्जाची शाळा नेमकी कशाने घडते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला एका कॅथोलिक स्त्रीच्या जीवनाकडे वळावेसे वाटते.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआरावाल्ले या गावी झाला. मुलींनी वैद्यकशास्त्र शिकणे समाजाला रुचत नव्हते, अशा काळात त्यांनी १८९६ साली रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवली. मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांवर उपचार करताना त्यांच्या ध्यानी आले की, या मुलांना औषधापेक्षा योग्य शिक्षणाची गरज अधिक आहे.

त्यांच्या आयुष्यात एक खोल जखमही होती. १८९८ साली त्यांना मारिओ हा पुत्र झाला. त्याच्या पित्याशी त्यांचा विवाह झाला नाही आणि लोकापवादाच्या भयाने ते बाळ खेड्यातील एका कुटुंबाकडे सोपवावे लागले. जगाला बालकाचे मन उलगडून दाखवणाऱ्या या मातेला स्वतःच्या लेकराचे बालपण मात्र दुरूनच पाहावे लागले. पुढे १९१३च्या सुमारास मारिओ त्यांच्याकडे आला आणि अखेरपर्यंत त्यांचा सहकारी झाला.

६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणादिवशी, रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. आईबाप कामावर गेले की मुले इमारतीच्या भिंती खराब करीत, म्हणून घरमालक संस्थेला ही सोय हवी होती. सुमारे ५० मुले, एक खोली आणि थोडे साहित्य, एवढ्यावर आरंभ झाला.

येथे मारियाबाईंनी शिकवण्याआधी पाहण्याचे व्रत घेतले. एक चिमुकली लाकडी ठोकळे त्यांच्या मापाच्या खाचांत बसवीत होती. भोवती गाणे आणि गलबला चालू असतानाही तिने ते काम चाळीसहून अधिक वेळा केले आणि शेवटी प्रसन्न चेहऱ्याने मान वर केली. एके दिवशी शिक्षिकेला यायला उशीर झाला. कपाटाला कुलूप नव्हते. मुलांनी आपापले साहित्य काढले आणि ती निमूटपणे कामाला लागली. मारियाबाईंनी याला चोरी मानले नाही. मुलांना निवड करता येते, हे त्यांनी ओळखले आणि कपाटाच्या जागी मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या, उघड्या फळ्या आणवल्या. बक्षिसे व शिक्षा यांची गरज उरली नाही. चूक शिक्षिकेने दाखवण्याऐवजी साहित्यातूनच मुलाला उमगू लागली. अक्षरे बोटाने गिरवता यावीत म्हणून ती खरखरीत कागदाची केली गेली.

बार्सिलोना येथे याच पद्धतीने धर्मशिक्षण दिले गेले. पवित्र मिस्सेतील भाकर आणि द्राक्षारस कोठून येतो, हे कळावे म्हणून मुलांनी स्वतः गहू पेरला व द्राक्षवेली जोपासल्या. शेतकऱ्याच्या लेकरांना धर्मशिक्षण देणाऱ्या आमच्या शिक्षकांनी या प्रयोगाचा अवश्य विचार करावा.

१९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मायलेक मद्रासला आले. सुमारे ३०० शिक्षकांचा पहिला वर्ग भरला. मात्र १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच ते दोघे ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओंना आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील छावणीत ठेवण्यात आले. मातेच्या सत्तराव्या वाढदिवशी त्यांची सुटका झाली. तोवर मारिओ जगापुढे पुतण्या किंवा दत्तक मुलगा म्हणून वावरत होते. सुटकेची वार्ता देणाऱ्या व्हाइसरॉयच्या तारेत मात्र त्यांचा उल्लेख सरळ पुत्र असाच होता. मारियाबाईंचे कार्य पुढे कोडाईकनाल येथे चालू राहिले. युद्धानंतर त्या युरोपात गेल्या, पुन्हा भारतात आल्या आणि ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये देवाघरी गेल्या. तेथील कॅथोलिक दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

त्यांच्या विचारांचे बीज महाराष्ट्राच्या मातीत ताराबाई मोडक यांनी रुजवले. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागड्या साहित्याची जागा खडे, शिंपले, पाने आणि बिया यांनी घेतली. १९५७ पासून हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये वाढले.

यातून आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे की, ज्या शिक्षणाला जगभर मान मिळाला ते गरीब वस्तीतील एका खोलीत जन्मले आणि कुडाच्या घरापुढील अंगणातही तितकेच फुलले. तेव्हा शाळा निवडताना पाटीआधी वर्गात डोकवावे. शिक्षिका मुलांचे ऐकते का? मुलाचे हात कामात आहेत का? चूक झाली की ते भेदरते, की पुन्हा करून पाहते? फीच्या पावतीवरून या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

थोर कोण, असा वाद शिष्यांत चालला असता प्रभू येशूने एका बालकाला त्यांच्या मध्यभागी उभे केले होते. मारियाबाईंनी वर्गात तेच केले. आपल्या घरांत आणि धर्मग्रामांच्या शाळांतही बालकाला ते स्थान मिळो, हीच आमची प्रार्थना.