श्यामचे पुढे काय झाले?

(एस. वाय. बी. ए.)

साने गुरुजी हे नाव ऐकले, की आपल्या डोळ्यांपुढे गुरुजी येतच नाहीत. येतो तो कोकणातला हट्टी, भित्रा, प्रेमळ श्याम आणि त्याला घडवणारी त्याची आई. हे चित्र आपल्या मनावर पुस्तकापेक्षाही चित्रपटाने अधिक कोरले आहे, असे मला वाटते. १९५३ साली आचार्य प्र. के. अत्रे यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणला आणि महाराष्ट्रातल्या शाळांना जणू एक व्रतच मिळाले. मराठीच्या तासाला गुरुजींचा धडा शिकवायचा आणि मग मुलांची रांग लावून चित्रपट दाखवायला न्यायचे. आपल्या प्राध्यापकांपैकी कित्येकांनी तो असाच पाहिला असेल. अंधारात सारी शाळा मुसमुसून रडायची, बाई पदराने डोळे टिपायच्या आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर निबंधाचा विषय तयार असायचा.

अशा सहलीला मीही गेले आहे. मी सातवीत होते. तिकीट आणि गाडीभाडे मिळून चाळीस रुपये आणायला सांगितले होते. ज्यांना ते आणता आले नाहीत ती सहा-सात मुले शिपाईकाकांच्या देखरेखीखाली वर्गातच बसून राहिली. गरीब आईच्या गोष्टीला गरिबांचीच लेकरे मुकली, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही. माझे चाळीस रुपये आईने दिले होते. ती द्राक्षबागेत मजुरीला जाते. संध्याकाळी मी तिला सगळी कथा रंगवून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की आई गेल्यावर त्या पोराचे पुढे काय झाले? शाळेने आम्हाला हे सांगितले नव्हते. जन्माची आणि मृत्यूची तारीख तेवढी लिहून दिली होती. मला वाटते, तो प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, म्हणजे एके काळचे सुखवस्तू. पण कर्जाने घर आतून पोखरले आणि अब्रू जाण्याची वेळ आली. आई यशोदाबाई १९१७ साली वारल्या. मुलगा शिक्षणासाठी दूर होता, शेवटच्या क्षणी जवळ नव्हता. चित्रपट आपल्याला रडवतो तो इथे. पण इथे श्याम जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा आहे, आणि गुरुजी अजून व्हायचेच आहेत!

दापोली, औंध, पुणे अशी वणवण करीत, प्रसंगी अर्धपोटी राहून त्यांनी शिक्षण पुरे केले. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, ते बी. ए. झाले, पुढे एम. ए. झाले. तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेले. तिथल्या विद्वज्जनांत त्यांचे मन रमले नाही. १९२४ साली ते त्याच गावच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले.

वसतिगृहातली त्यांची वागणूक आजच्या कोणत्याही रेक्टरने एकदा वाचून पाहावी. मुलांनी खोली झाडली नाही तर ते ओरडत नसत, स्वतः झाडून मोकळे होत. मुलांची अंथरुणे घालत, कपडेही धूत. दोन-चार दिवसांत मुलांना लाज वाटे आणि काम आपोआप होऊ लागे. पगारातला पैसा गरजू विद्यार्थ्यांपायी जाई. मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने एक दैनिक लिहून काढत. पुढे ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही त्यांनी चालवले. आपल्याकडे वर्षातून एकदा वार्षिकांक निघतो तर केवढी धावपळ होते! हा माणूस दिवसभर शिकवून रोज एक अंक लिहीत होता.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी सहा वर्षांची नोकरी सोडली. मग तुरुंग. धुळे आणि तिथून पार दक्षिणेतले त्रिचनापल्ली. त्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांतल्या राजबंद्यांबरोबर राहताना ते तमिळ, बंगाली या भाषा शिकले. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात ही आंतरभारतीची कल्पना त्यांनी पुढे मांडली, तिचे बी तिथले. १९३२ साली पुन्हा शिक्षा झाली. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे तो त्या लेखणीमुळे.

धुळ्याहून त्यांना आपल्या नाशिकच्या तुरुंगात आणण्यात आले. नाशिकरोडच्या जेलरोडवरून आपल्यातले कितीतरी जण रोज कॉलेजला ये-जा करतात. त्या भिंतींच्या आत ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतले आणि १३ तारखेच्या सोमवारी हातावेगळे केले. अवघे पाच दिवस! दिवसा तुरुंगातले काम असे; रात्री आणि पहाटे लेखन चाले. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या बेचाळीस प्रकरणांना त्यांनी रात्री असे म्हटले आहे, कारण त्यात एक मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो. हा सांगणारा श्याम तेहतीस वर्षांचा आहे आणि कैदी आहे. चित्रपट पाहताना आपण त्याला पार विसरून जातो.

गुरुजींच्या लेखनाला रडवे म्हणून नाके मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. ते रडत असत, यात संशय नाही, आणि त्यांनी ते कधी लपवलेही नाही. काही पानांवर अश्रू जरा जास्तच सांडले आहेत, हेही मला वाटते. पण त्या अश्रूंचे पुढे काय झाले ते पाहायला हवे. पुस्तकात एक प्रसंग आहे. लाकडाची मोळी घेऊन एक म्हातारी महारीण उभी आहे, मोळी डोक्यावर चढवायला कुणी हात लावत नाही. शिवाशिवीचा तो काळ. श्यामची आई मुलाला जाऊन मोळी उचलून द्यायला सांगते आणि मागाहून त्याला आंघोळ घालते. आज वाचताना ती आंघोळ खटकते. खटकायलाच हवी. गुरुजी हा प्रसंग लिहीत होते त्या वर्षांत याच नाशकात, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चाललेला होता. एकीकडे रामाचे दार बंद, आणि दुसरीकडे तुरुंगात एक ब्राह्मण शिक्षक त्या म्हातारीची आठवण काढतो आहे.

त्या आंघोळीपाशी गुरुजी थांबले नाहीत. सुटल्यावर ते खानदेशातल्या शेतकऱ्यांत आणि गिरणी कामगारांत वावरले, डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला भरलेल्या पहिल्या ग्रामीण काँग्रेस अधिवेशनासाठी गावोगाव हिंडले, ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक चालवले, पुन्हा तुरुंगात गेले. हे सारे इथे विस्ताराने सांगायला जागा नाही. मात्र पंढरपूरचे सांगितलेच पाहिजे. विठ्ठलाच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा करून लोकांची मने वळवली. राष्ट्र सेवा दलाचे तरुण गाणी आणि नाट्यप्रसंग घेऊन बरोबर होते. तरीही दार उघडेना, तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केले. खुद्द गांधीजींनी तार करून उपोषण सोडायला सांगितले. ज्यांना आयुष्यभर गुरू मानले त्यांचाही शब्द गुरुजींनी त्या वेळी मानला नाही. दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. ज्याला आपण हळवा, रडका म्हणतो त्याची ही जिद्द! चित्रपटातला भित्रा श्याम विहिरीत उडी घेतो त्याचे आपल्याला कौतुक वाटते. पंढरपूरची उडी त्याहून खोल होती.

त्यानंतरचा काळ फार कठीण गेला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला आणि गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते. पण ज्या स्वातंत्र्यासाठी तारुण्य तुरुंगात घालवले त्या स्वातंत्र्यातला द्वेष आणि स्वार्थ त्यांना सोसवेना. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबईत स्वतःच्या हाताने आपले जीवन संपवले. शाळेत ही गोष्ट कुणी सांगत नाही. मुले लहान असतात, हे मी समजू शकते. पण आपण आता लहान नाही. एवढ्यांचे अश्रू पुसणाऱ्या माणसाला स्वतःचे दुःख कुणापाशी उतरवता आले नाही, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

चित्रपट आला तो त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. गुरुजींनी तो पाहिलाच नाही. दिग्दर्शक अत्रे हे एके काळचे हेडमास्तर. आईचे काम करणाऱ्या वनमाला याही नटी होण्याआधी पुण्याच्या शाळेत शिकवत होत्या. शाळेतल्या माणसांनी शाळेतल्या माणसाची गोष्ट पडद्यावर आणली, म्हणून तर ती शाळांना इतकी आपली वाटली असावी. माधव वझे या मुलाने श्याम केला, वसंत देसाईंनी संगीत दिले. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले, त्यात देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले.

२०२३ साली सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा केला, तोही मुद्दाम कृष्णधवल. त्यालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. त्यात लहान श्यामबरोबर मोठे झालेले, स्वातंत्र्यलढ्यातले गुरुजीही दिसतात. ओम भूतकर यांनी ते काम केले आहे. जुना पाहून ज्यांचे समाधान झाले आहे त्यांनी हाही एकदा पाहावा, आणि कुणी शिक्षक मुलांना घेऊन जाणार असतील तर ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत त्यांना आधी न्यावे.