सावित्रीबाई आणि घरातले दुखणे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; हिशेबाच्या वहीपलीकडे हातात लेखणी धरण्याचा प्रसंग क्वचितच आलेला. पण सावित्रीबाई फुल्यांविषयी पुष्कळ दिवस मनात असलेली एक गोष्ट या निमित्ताने भगिनींना सांगावी असे वाटले, म्हणून हे चार शब्द लिहिते आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

दर वर्षी ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो. मुली भाषणे करतात. मुलींची शाळा, अंगावर पडलेले शेण आणि चिखल, पिशवीतले जादा लुगडे, हे सारे आता लहान मुलांनाही पाठ आहे. पण त्यांनी आपल्या यजमानांचे मोठे दुखणे काढले, ही गोष्ट भाषणात आलीच तर एका वाक्यात संपते. ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असते, त्या घरातल्या बाईला हे वाक्य एवढे लहान वाटत नाही.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे, खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी झाले. जोतीरावांची आई त्यांच्या अगदी लहानपणीच वारली होती. त्यांना वाढवले ते सगुणाबाई क्षीरसागर या त्यांच्या मावसबहिणीने. सावित्रीबाई त्यांना आऊ म्हणत. म्हणजे ज्या माणसाच्या घरात सावित्रीबाई आल्या, तो माणूसच मुळी दुसऱ्याच्या मायेवर वाढलेला होता.

लग्नानंतर जोतीरावांनी त्यांना लिहायला वाचायला शिकवले. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. लोकांना ते रुचले नाही. पुढच्याच वर्षी दोघांना सासरचे घर सोडावे लागले. हा भाग सर्वांना माहीत आहे, म्हणून मी पुढे जाते.

१८५६ साली सावित्रीबाई स्वतः फार आजारी पडल्या आणि विश्रांतीसाठी माहेरी नायगावला जाऊन राहिल्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्या पत्रात तीन गोष्टी आहेत. आजारपणात भावाने आपली किती सेवा केली, हे त्यांनी मोठ्या प्रेमाने कळवले आहे. तोच भाऊ महार-मांगांच्या शिक्षणाच्या कामावरून त्यांना बोल लावत होता. त्याच्याशी झालेला वादही लिहिला आहे आणि आपण त्याला कसे उत्तर दिले तेही. आणि पुण्यात आपल्या मागे शाळेचा सारा भार फातिमा शेख यांच्यावर पडला असेल, पण त्या कुरकुर करणार नाहीत, असेही त्या लिहितात. घरातली बाई आजारी पडली की तिच्या वाटचे काम कोणीतरी उचलतेच. पण पडल्या पडल्या त्या दुसरीची आठवण ठेवणाऱ्या बायका थोड्या. मतभेद असलेल्या भावाची सेवा गोड मानून घेणे आणि तरीही आपले म्हणणे न सोडणे, हेही सोपे नाही.

त्यांना स्वतःचे मूल झाले नाही. पण घर कधी रिकामे नव्हते. १८६३ साली फुले पतिपत्नींनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मुलाला मारू नये, असा त्यामागचा विचार. १८८४ पर्यंत अशा ३५ विधवा तिथे येऊन गेल्या होत्या. ३५ बाळंतपणे म्हणजे काय, हे आपण बायकांनीच ओळखावे. तेवढ्या वेळा पाणी तापवणे, तेवढ्या वेळा रात्र जागवणे, आणि तेही ज्यांचे नाव घ्यायला त्यांचे सख्खे आईबाप तयार नव्हते त्यांच्यासाठी. अशाच एका विधवेच्या मुलाला त्यांनी १८७४ साली दत्तक घेतले. तो यशवंत. १८७७ च्या दुष्काळात अन्नछत्रांतून भुकेल्या मुलांना जेवू घालण्याच्या कामातही सावित्रीबाई होत्या.

आता मुख्य गोष्ट. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मोठा समारंभ होऊन लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. आणि त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. शरीराची उजवी बाजू निकामी झाली. ज्या हाताने आयुष्यभर लिहिले तोच हात गेला. डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी औषधोपचार केले. पण डॉक्टर घटकाभर येतो आणि जातो. बाकीचे प्रहर घरच्या माणसांचे असतात.

तेव्हा सावित्रीबाईंचे वय ५७ वर्षांचे होते. यशवंत पंधराच्या आसपासचा. जोतीरावांनी ठेकेदारीत मिळवलेला पैसा सार्वजनिक कामात खर्चून गेला होता, आणि दुखणे तर पैसा मागतेच. त्याच दुखण्यात ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंताचे लग्न सत्यशोधक पद्धतीने झाले आणि ग्यानोबा ससाणे यांची मुलगी सून म्हणून घरात आली. एका खोलीत आजारी माणूस आणि दुसरीकडे कार्य, हे ज्या घराने अनुभवले आहे त्यालाच त्यातली ओढाताण कळेल.

आणि या दिवसांतच जोतीरावांनी आपला शेवटचा ग्रंथ, सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक, डाव्या हाताने लिहिला. १८८९ साली तो पुरा झाला. छापून बाहेर आला तो त्यांच्या मागे, १८९१ साली. डाव्या हाताने चार ओळी लिहून पाहाव्यात म्हणजे हे काम काय आहे ते कळते. ग्रंथावर नाव येते ते लिहिणाऱ्याचे, आणि ते योग्यच आहे. पण आजाऱ्याला न्हाऊ घालून, जेवू घालून, बसते करून, त्याच्या अंगात लिहिण्याइतके बळ राखणारे कोणी असते म्हणून तो लिहितो.

ही गोष्ट मला इतकी का लागली, ते सांगते. आमच्या सासूबाईंचीही उजवी बाजू अशीच गेली होती. चार वर्षे मी त्यांचे केले. कूस बदलणे, भांडे देणे, पेज भरवणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावणे, यात मी कसूर केली नाही. पण त्यांना डाव्या हाताने वाती वळायची फार हौस होती. कापूस सगळ्या पांघरुणावर सांडे, वात काही धड होत नसे. कामाच्या घाईत एक दिवस मी चिडून कापसाचा डबा फळीवर उंच ठेवून दिला. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या भिंतीकडे पाहत राहिल्या.

पुढे मंडळाची पुण्याला सहल निघाली. शेजारच्या काकू दिवसभर सासूबाईंपाशी बसल्या म्हणूनच मला जाता आले. तिथे फुलेवाडा पाहिला, अंगणातली विहीर पाहिली, आणि जोतीरावांनी डाव्या हाताने पुस्तक लिहिल्याचे तिथे प्रथम ऐकले. परतीच्या गाडीत माझ्या डोळ्यांपुढे एकसारखा तो फळीवरचा डबा येत होता. सावित्रीबाईंनी नवऱ्याचे नुसते अंग सांभाळले नाही. त्या माणसाचे काम त्याच्या हातून काढून घेतले नाही. मी मात्र सासूबाईंना स्वच्छ ठेवले आणि रिकामे केले. घरी येताच डबा खाली काढून दिला. त्यांच्या वेड्यावाकड्या वाती आमच्या देवापुढे पुढे दीड वर्ष जळल्या.

असो. जोतीरावांची हलाखी पाहून मामा परमानंद यांनी १८९० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना मदतीसाठी पत्र लिहिले. त्या पत्रात त्यांनी जोतीरावांइतकीच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, त्यांच्या पत्नीची थोरवी सांगितली आहे. घरात राबणाऱ्या बाईकडे त्या काळी एका परक्या गृहस्थाचे लक्ष गेले आणि त्यांनी ते राजापुढे मांडले, याचे मला फार समाधान वाटते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी अंत्यविधीच्या वेळी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हातात धरले आणि त्या पुढे चालल्या. इतकी वर्षे ज्यांनी आजाऱ्याचे केले त्यांचाच तो अधिकार होता. त्यानंतर त्या घरात बसून राहिल्या नाहीत. सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी चालू ठेवले आणि १८९३ साली सासवडच्या परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. आजाऱ्याचे करता करता आपण संपून जाऊ नये, आपलेही काम शिल्लक ठेवावे, हा धडा मी यातून घेतला.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. लोक जवळच्या माणसाला शिवायला भीत होते. यशवंत तोपर्यंत डॉक्टर होऊन लष्करात नोकरीला होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतले आणि गावाबाहेर ससाण्यांच्या माळावर दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्या वेळी त्या ६६ वर्षांच्या होत्या. त्यातच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. जी सेवा त्यांनी आपल्या माणसाची केली, तीच परक्याच्या मुलाचीही केली. त्यांच्या लेखी दोन्हींत फरक नव्हता.

भगिनींनो, आपल्या वस्तीतही अशी घरे आहेत, जिथे एखादी सून, एखादी लेक किंवा एखादी म्हातारी बायको आजाऱ्याच्या खोलीतून महिनोन्महिने बाहेर पडलेली नाही. हळदीकुंकवाला ती दिसत नाही आणि आपणही फार चौकशी करीत नाही. माझी एवढीच सूचना आहे की, पुढच्या वर्षापासून मंडळाने पाळी लावावी. प्रत्येक सभासदाने आठवड्यातून दोन तास अशा एका घरी जाऊन आजाऱ्याजवळ बसावे आणि तिथल्या बाईला मोकळे करावे. तिने बाजारात जावे, देवळात जावे, नाहीतर नुसती झोप काढावी. माझ्या पहिल्या पाळीसाठी मी मंगळवार दुपार लिहून देत आहे. बाकीच्या वारांपुढे कोणाची नावे येतात ते पाहू.