विश्लेषण : जोसेफ कॉनराड यांचे इंग्रजी उच्चार अखेरपर्यंत परके का राहिले?

‘हार्ट ऑफ डार्कनेस’ आणि ‘लॉर्ड जिम’ लिहिणारे जोसेफ कॉनराड इंग्रजीतील मोठ्या कादंबरीकारांत गणले जातात. पण त्यांनी तोंड उघडले, की समोरचा इंग्रज माणूस लगेच ओळखायचा : हे गृहस्थ बाहेरचे आहेत.

इंग्रजीशी गाठ कधी पडली?

कॉनराड यांचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी, तेव्हा रशियन साम्राज्यात आणि आता युक्रेनमध्ये असलेल्या बेर्डिचिव येथे पोलिश कुटुंबात झाला. मूळ आडनाव कोझेन्योव्स्की. वडील कवी आणि शेक्सपिअरचे अनुवादक. रशियन राजवटीविरुद्धच्या कारवायांमुळे कुटुंबाला हद्दपारी भोगावी लागली आणि ११व्या वर्षी कॉनराड पोरके झाले. १८७४ मध्ये ते फ्रान्समधील मार्से बंदरात खलाशी म्हणून दाखल झाले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाय ठेवला तो जून १८७८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी. तेव्हा त्यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हते.

ती भाषा ते जहाजांवर शिकले. १८८४ मध्ये मुंबई बंदरात ‘नार्सिसस’ या जहाजावर ते अधिकारी म्हणून चढले. पुढे त्याच जहाजावर त्यांनी कादंबरी लिहिली. १८८६ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व आणि कप्तानपदाचे प्रमाणपत्र, दोन्ही मिळाले. पहिली कादंबरी आली १८९५ मध्ये.

मग उच्चार का सुटले नाहीत?

शब्दसंपत्ती आणि व्याकरण मोठेपणीही कमावता येते. ध्वनींचे तसे नसते. कान आणि जीभ लहानपणीच्या भाषेत घडतात, नंतर नवे ध्वनी जुन्याच साच्यात बसवले जातात. मोठेपणी मराठी शिकलेला माणूस उत्तम लिहू लागतो आणि ‘ळ’ला अडखळतो, तसेच हे. भाषाशास्त्रज्ञ थॉमस स्कोव्हेल यांनी या तफावतीला कॉनराड यांचेच नाव दिले.

शिवाय कॉनराड यांना अनेक इंग्रजी शब्द आधी छापील रूपात भेटले होते. एच. जी. वेल्स यांच्या आठवणीनुसार, काही शब्दांच्या शेवटचे अनुच्चारित ‘ई’ अक्षरही ते उच्चारत. फ्रेंच त्यांना बालपणापासून अवगत होती. त्यांची फ्रेंच सफाईदार आणि इंग्रजी मात्र ओबडधोबड, याचे कवी पॉल व्हॅलेरी यांनाही नवल वाटले होते.

याची झळ कुठे बसली?

घरातच. १८९६ मध्ये त्यांनी जेसी जॉर्ज या इंग्रज तरुणीशी विवाह केला. मधुचंद्राच्या काळात, ब्रिटनी प्रांतात, कॉनराड तापाने फणफणले आणि पोलिशमध्ये बरळू लागले. जेसी यांना त्यातले अक्षरही कळेना; त्या घाबरून गेल्या. १९०१ च्या ‘एमी फॉस्टर’ या कथेत याचे पडसाद आहेत. जहाज फुटून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलेला यांको स्थानिक मुलीशी लग्न करतो. तापात तो आपल्या भाषेत पाणी मागतो. बायको भेदरून मूल घेऊन पळते आणि तो मरतो. जेसी पळाल्या नाहीत, एवढाच फरक.

जानेवारी १९१० मध्ये साहित्यविषयक एजंट जे. बी. पिंकर यांच्याशी खटका उडाला. त्या वादात पिंकर यांनी त्यांना नीट इंग्रजीत बोलायला सुनावले. तोपर्यंत कॉनराड यांची डझनभर इंग्रजी पुस्तके आली होती! हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. त्याच सुमारास ते कोलमडले आणि ग्लानीत पुन्हा पोलिशच बोलू लागले. पिंकर यांच्याशी सलोखा व्हायला बराच काळ गेला.

जाहीर भाषणांची धास्ती त्यांना कायमच होती. १९२३ मध्ये अमेरिकेत गेले, तेव्हा न्यूयॉर्कमधील एका श्रीमंत घरात, निमंत्रितांसमोर त्यांनी ‘व्हिक्टरी’ कादंबरीतील उतारे वाचले. उच्चारांमुळे ऐकणाऱ्यांना ते समजून घेणे जड गेले. पुढच्याच वर्षी, ३ ऑगस्ट १९२४ रोजी, केंटमधील घरी त्यांचे निधन झाले. कँटरबरी येथील त्यांच्या थडग्यावर पोलिश नाव कोरले आहे, पण त्यातील ‘टेओडोर’चे स्पेलिंग चुकले आहे.