रँग्लर परांजपे : पहिला नंबर आणि ७५ रुपये

रँग्लर म्हटलं की हॉस्टेलमध्ये दहापैकी नऊ जणांना जीन्सची पॅन्ट आठवेल. मलाही तीच आठवायची. पण आपल्या आजोबांच्या पिढीला विचारा, ते म्हणतील, रँग्लर म्हणजे परांजपे! महाराष्ट्रात डॉक्टर, बॅरिस्टर लावावं तसं हे बिरुद माणसाच्या नावाआधी लागायचं. त्यामागे एक परीक्षा होती, आणि ती ऐकली की आपला एम-थ्रीचा पेपर अगदीच गरीब वाटतो.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी दापोलीजवळच्या मुर्डी गावी झाला. कोकणातलं साधं घर. नात्यातल्या धोंडो केशव कर्वे यांनी त्यांना शिक्षणासाठी हाताशी धरलं. हेच पुढे महर्षी झालेले कर्वे. ते स्वतः १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते, हे आपल्याला शाळेच्या पुस्तकात कोणी फारसं सांगत नाही. परांजपेही फर्ग्युसनमध्येच शिकले आणि सरकारी स्कॉलरशिप मिळवून केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले.

तिथली गणिताची परीक्षा म्हणजे ट्रायपॉस. पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणत, आणि त्यातल्या पहिल्याला सीनियर रँग्लर. रँगल म्हणजे वाद घालणे. फार पूर्वी ही परीक्षा तोंडी वादविवादाची असे, म्हणून हे नाव. निकाल नंबराप्रमाणे नावं वाचून जाहीर व्हायचा आणि यादीत शेवटून पहिल्या आलेल्या मुलाला त्याचे मित्र एक भला मोठा लाकडी चमचा द्यायचे! (आपल्याकडे हे सुरू केलं तर दर सेमिस्टरला सुताराला बोलवावं लागेल.)

अंदाज यावा म्हणून १८५४ सालचा हिशोब सांगते. ८ दिवस, १६ पेपर, एकूण साडेचव्वेचाळीस तास आणि २११ प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम १३ मिनिटं. परांजप्यांच्या वेळेपर्यंत पेपरांची रचना बदलली होती, पण वेगाची शर्यत तीच. प्रश्न दोन प्रकारचे असत. एक बुकवर्क, म्हणजे पुस्तकातली सिद्धता जशीच्या तशी. दुसरा प्रॉब्लेम, म्हणजे कधी न पाहिलेलं गणित. त्यामुळे तयारीची पद्धत ठरलेली होती. बुकवर्क इतकं हाताला बसवायचं की पेपरात विचार करायला थांबावंच लागू नये. वाचलेली मिनिटं प्रॉब्लेमला द्यायची. आणि प्रॉब्लेम दिसला की तो ओळखीच्या कुठल्या घराण्यातला आहे हे आधी हुडकायचं, पेन नंतर चालवायचं.

हे शिकवायला कॉलेजबाहेर खासगी कोच असत. होय, क्लासेस ही काही कोटा किंवा दादरची देणगी नाही! सगळ्यात गाजलेला कोच एडवर्ड राऊथ. थोडी थोडी मुलं घेऊन तो शिकवायचा, दर आठवड्याला वेळ लावून प्रॉब्लेम पेपर सोडवून घ्यायचा, मार्कांची यादी लावायचा आणि स्वतः लिहिलेली उत्तरं मुलांपुढे ठेवायचा. स्वतःचं चुकलेलं उत्तर त्या आदर्श उत्तराशेजारी ठेवून पाहणं हाच खरा अभ्यास होता. त्याच्या हाताखालून पंचविसाहून जास्त सीनियर रँग्लर निघाले. नाव ओळखीचं वाटतंय ना? कंट्रोल सिस्टीम्समध्ये पहिल्या कॉलममधली साइन बदलली की सिस्टीम अनस्टेबल, असं ज्याच्या टेबलावरून आपण सांगतो, तोच हा राऊथ. १८५४ साली तो सीनियर रँग्लर झाला तेव्हा दुसरा नंबर आलेल्या मुलाचं नाव होतं जेम्स क्लर्क मॅक्सवेल. आता पुढे कोण जास्त गाजलं ते इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी सांगावं.

राऊथने १८८८ मध्ये शिकवणं थांबवलं होतं, पण पद्धत रुजली होती. त्याच शर्यतीत १८९९ साली परांजपे पहिले आले. पेम्ब्रोक कॉलेजच्या बर्टविसलबरोबर तो मान विभागून मिळाला. १८७४ मध्ये आनंदमोहन बोस पहिले भारतीय रँग्लर झाले होते. सीनियर रँग्लर मात्र तोपर्यंत कोणीच भारतीय झाला नव्हता. गुलामीच्या त्या काळात साहेबाच्या घरात जाऊन साहेबाच्याच परीक्षेत पहिलं येणं ही केवढी गोष्ट! १९०१ मध्ये त्यांच्या कॉलेजाने त्यांना फेलो म्हणून निवडलं.

आता कुठलीही मोठी नोकरी हात जोडून उभी राहिली असती. पण परांजपे परत आले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. पगार महिना ७५ रुपये. १९०२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १९२४ पर्यंत राहिले. कॅम्पसमधून लागणाऱ्या पॅकेजची रात्री दोन वाजेपर्यंत चर्चा करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पचायला जड जातं. मला तरी जातं.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्यात पुढाकार घेतलेला एक मुलगा फर्ग्युसनच्याच हॉस्टेलचा होता, विनायक दामोदर सावरकर. प्राचार्यांनी त्यांना १० रुपये दंड केला आणि हॉस्टेलबाहेर काढलं. टिळकांनी केसरीतून सडकून टीका केली. टिळक स्वतः या संस्थेच्या संस्थापकांपैकी आणि एकेकाळी तिथलेच गणिताचे शिक्षक! परांजपे नेमस्त मताचे, कॉलेज सांभाळायचं हेच त्यांच्या डोळ्यापुढे असणार. पण मला विचाराल तर तो दंड चुकलाच. नियम पाळून घेणारा माणूस मोठा असला तरी नियम दर वेळी मोठा नसतो.

दुसरी एक गोष्ट खटकते. आपल्या पुस्तकांत परांजप्यांच्या नावाचं एकही थिअरम नाही. केंब्रिजमध्येही हीच ओरड होती की ही परीक्षा वेग शिकवते, नवं शोधायला नाही. १८९८ चा चौथा रँग्लर हार्डी याच कारणासाठी तिच्याविरुद्ध उभा राहिला आणि १९०९ नंतर नंबर जाहीर करणं बंद झालं. याच हार्डीने पुढे परीक्षेत नापास झालेल्या रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेतलं.

तरी परांजप्यांचं गणित वाया गेलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या नावाचं एक बक्षीस होतं. ते १९२७ साली फर्ग्युसनच्या एका विद्यार्थ्याला मिळालं : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, शाळा ठाण्याची, म्हणजे आपल्याच भागातला. ६१७४ हा आकडा ज्यांच्यामुळे जगाला माहीत झाला ते हेच. त्यांच्या डेम्लो संख्यांचं नावसुद्धा आपल्या भिवंडीशेजारच्या डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून पडलंय.

परांजपे पुढे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू (१९३२ ते १९३८), ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर (१९४४ ते १९४७) आणि ऐंशी वर्षांचे असताना पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. देवधर्म त्यांनी कधी मानला नाही आणि ते लपवलंही नाही. लेखिका शकुंतला परांजपे त्यांची मुलगी, चित्रपटवाल्या सई परांजपे त्यांची नात. १९६१ मध्ये त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव ठेवलं '८४ नॉट आउट'. नंतरही ते पाच वर्षं क्रीजवर होते. ६ मे १९६६ रोजी ते गेले तेव्हा स्कोअर ९० झाला होता.