ताराबाई मोडक

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. पदवी घेतल्यावर पुढे राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्रमुखपद त्यांस लाभले. मानाची, पगाराची जागा! ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि त्याच्या कार्यास त्यांनी स्वतःस वाहून घेतले.

परंतु माँटेसोरी पद्धतीची साधने महाग. ती शहरातील सुखवस्तू घरच्या मुलांच्याच हाती पडत. हे शल्य ताराबाईंस स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ त्यांस तेथे येऊन मिळाल्या. शंखशिंपले, खडे, बिया, पाने हीच आता साधने झाली. तरीही गावकुसाबाहेरची मुले बालवाडीत येईनात. अशा वेळी आईबापांस दोष देऊन मोकळे होणारे पुष्कळ. ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली! जागा झाडावी, मुलांस स्वच्छ करावे, मग गाणी नि गोष्टी. हीच अंगणवाडी.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले धाकटी भावंडे सांभाळीत, नाही तर गुरे राखीत. ती शाळेत येणार कशी? म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. गुराखी मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली.

१९६२ साली ताराबाईंस पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. दोन वर्षांनी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांचे नाव अंगणवाडी हेच आहे.