जोड नसलेला मल्ल

तालमीच्या भाषेत ‘जोड’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. तुमच्या तोडीचा, तुमचा घाम काढणारा, तुम्हाला रोज थोडे अधिक ताकदवान करणारा दुसरा गडी म्हणजे जोड. दंड-बैठका एकट्याने काढता येतात, मुद्गल एकट्याने फिरवता येतो, दगडी नालही एकट्याने उचलता येतो. पण कुस्ती एकट्याला येत नाही. पकड घालायची तर समोर कोणीतरी हवे, सुटायचे तर आधी कोणीतरी धरलेले हवे. म्हणून जोड मिळाली नाही तर चांगला मल्लही वाया जातो, असे जुने वस्ताद सांगत.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका तरुणापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. त्याने शोधलेले उत्तर आजही महाराष्ट्रातल्या शेकडो पटांगणांवर, तांबड्या मातीत पाय रोवून उभे आहे. त्या उत्तराचे नाव मल्लखांब आणि तरुणाचे नाव बाळंभट देवधर. व्यायामाच्या जगात ते बाळंभटदादा म्हणूनच ओळखले जातात.

माझे अर्धे आयुष्य बँकेत गेले. तिथे प्रत्येक नोंदीमागे व्हाउचर लागते. उरलेले आयुष्य कादंबऱ्या लिहिण्यात गेले. तिथे व्हाउचर कोणी मागत नाही. दादांचे चरित्र या दोहोंच्या मधले आहे. १७८० साली जन्म आणि १८५२ साली मृत्यू, असा त्यांचा काळ सांगतात. मधल्या बहात्तर वर्षांची हकिगत गुरूने शिष्याला आणि शिष्याने आपल्या शिष्याला सांगत आपल्यापर्यंत आणली आहे. म्हणून जिथे परंपरा बोलते तिथे ‘म्हणतात’ असेच म्हणतो.

काळ दुसऱ्या बाजीरावाचा. १७९६ च्या डिसेंबरात तो गादीवर आला. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकराने हडपसरला पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून पळाला आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईला त्याने इंग्रजांशी तह केला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तो इंग्रजांच्या पलटणींच्या आधाराने पुण्यात परतला. शनिवारवाडा तोच होता, चौघडाही वाजत होता. पण राज्याची पकड सुटली होती. इतिहासाच्या पुस्तकांनी या पेशव्याबद्दल फारसे बरे लिहिलेले नाही आणि त्याला कारणेही आहेत. मात्र याच दरबाराच्या आश्रयाने आपल्या देशातला एक अस्सल व्यायामप्रकार पुन्हा उभा राहिला, हे त्या पुस्तकांच्या समासात तरी लिहायला हवे.

परंपरा सांगते ती गोष्ट अशी. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित पहिलवान पुण्यात आले. वाटेतल्या गावोगावच्या मल्लांना त्यांनी चीत केले होते. पेशव्यांच्या दरबारात येऊन त्यांनी आव्हान दिले की आमच्याशी लढणारा कोणी असेल तर पुढे यावे, नसेल तर तसे लिहून द्यावे. जेतपत्र मागण्याची ही रीत त्या काळी मल्लांत आणि पंडितांत सारखीच चालत असे. दरबारातले कसलेले मल्ल अलीच्या देहाकडे पाहून गप्प राहिले. तेव्हा पेशव्यांच्या पदरी असलेला हा कोवळा तरुण उठला आणि त्याने आव्हान स्वीकारले. फक्त तयारीसाठी काही दिवसांची मुदत मागितली.

अली आणि गुलाब यांना या गोष्टीत खलनायक करण्याची सवय पुढच्या काळात लागली. मला ते पटत नाही. ते पोटासाठी कुस्ती करणारे, आपल्या कलेत पारंगत असे धंदेवाईक मल्ल होते. रोजचा खुराक, रोजची मेहनत, रोजची जोड. हे दोघे तर आपसातच जोड असणार. बाळंभटांची अडचण इथेच होती. मुदत मिळाली, पण सराव कोणाशी करायचा? अलीशी बरोबरी करणारा गडी पुण्यात असता तर तोच उठला नसता का?

बाळंभट पुण्यातून निघाले आणि वणीच्या गडावर सप्तशृंगीच्या पायाशी गेले. तिथे त्यांनी अनुष्ठान केले. देवीने हनुमंताकडे बोट दाखवले आणि हनुमंताने स्वप्नात येऊन लाकडी खांबावर कुस्तीचे डाव करून दाखवले, असे म्हणतात.

स्वप्नाला व्हाउचर नसते. पण ज्याने वणीचा गड चढला आहे त्याला तिथली वानरे नवीन नाहीत. फांदीला हाताने, पायाने, काखेने धरून ती कशी झोके घेतात, हे भक्तही पाहतात. चिंतेने रात्रभर जागलेल्या मल्लाने ते पाहिले, तर पहाटे डोळा लागल्यावर त्याला काय दिसेल हे सांगायला कादंबरीकार लागत नाही. शिवाय खांबावरची कसरत अगदी नवीही नव्हती. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. विस्मरणात गेलेली ती विद्या दादांनी पुन्हा जिवंत केली, असेच व्यायामाचे अभ्यासक मानतात.

मला चमत्कार वाटतो तो स्वप्नाच्या दुसऱ्या दिवसाचा. स्वप्ने पुष्कळांना पडतात. उठून खांब रोवणारा एखादाच. ज्याला जोड मिळत नाही त्याने लाकडाला जोड मानायचे, ही ती कल्पना. खांबाची घडण पाहा. बुडाशी तो माणसाच्या मांडीएवढा जाड असतो, वर निमुळता होत जातो, मग बारीक मान आणि त्यावर बोंड. खाली अंग, मग मान, मग डोके. म्हणजे उभा गडीच. आजचा स्पर्धेतला खांब जमिनीवर साडेआठ-नऊ फूट उंच, सागाचा किंवा शिसवाचा असतो आणि त्याला एरंडेल चोळलेले असते. अंग सरावे, कातडी सोलवटू नये, यासाठी तेल. पण त्याच तेलामुळे नुसत्या पंजाच्या जोरावर माणूस खांबावर टिकत नाही. पकड साऱ्या देहाची करावी लागते. मांड्यांची कैची घालून धरायची ती अढी, ती मल्लखांबाची बाराखडी. मग काखेत खांब दाबून धरायची बगली, पुढे दसरंग, वेल, सुईदोरा, फरारे, ताजवे आणि शेवटी बोंडावरची आसने.

पकड म्हटली की आपल्याला हाताची मूठ आठवते. पंजा लढवणे हा पुण्याच्या पेठांतला जुना खेळ आणि नाल उचलणे हे जत्रेतले कौतुक. त्यातही ताकद लागतेच. पण नाल एकदा डोक्यावर गेला की टाळ्या पडतात आणि खेळ संपतो. खांबावरच्या पकडीची कसोटी वेगळी आहे. तिथे उचलायचे वजन तुमचे स्वतःचेच असते आणि ते उलटे लटकून, श्वास सांभाळून, एका पकडीतून दुसऱ्या पकडीत जाताना तोलायचे असते. एक पकड सोडल्याशिवाय दुसरी घेता येत नाही आणि दुसरी पक्की होईपर्यंत पहिली सोडता येत नाही. कुस्तीतल्या सवारीचे, ढाकेचे मर्म हेच. कुस्तीत समोरचा गडी दमतो, रुसतो, कधी मुद्दाम ढिला पडतो. खांब यातले काही करत नाही. तो चूक दाखवतो, तीही लगेच, कारण चुकलेला माणूस घसरून खाली येतो.

तर मुदत संपली. बाळंभट पुण्याला परतले, फड भरला आणि त्यांनी अलीला चीत केले. ते पाहून गुलाबने लढायला नकार दिला, असे परंपरा सांगते. कुस्ती किती वेळ चालली, कोणत्या डावावर निकाल झाला, हे ती सांगत नाही. मला तरी वाटते, त्या फडावर अलीला एक अनोळखी गोष्ट जाणवली असणार. हा हलका पोरगा हाताने झटकला तर पायाने धरतो, पायातून सोडवला तर बगलेत अडकवतो. माणसाशी लढायची तयारी करून आलेल्या अलीला वेलीशी लढावे लागले.

गोष्ट इथे संपली असती तर ती दरबारी करमणुकीची गोष्ट ठरली असती. जिंकलेले मल्ल पुष्कळ होतात. त्यांना कडे मिळते, फेटा मिळतो आणि पुढच्या पिढीत नावही उरत नाही. दादांची खरी कसोटी पुढे होती.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. बाजीराव काही महिने पाठलाग चुकवत फिरला आणि १८१८ च्या जूनमध्ये माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाख रुपयांची नेमणूक आणि राहायला कानपूरजवळचे ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूर. दक्षिणेतले राज्य संपले आणि पेशव्यांबरोबर पुण्यातली अनेक घरे गंगेच्या काठी गेली. बाळंभटदादाही गेले. तेव्हा ते अडतिशीचे होते.

या प्रवासाचा मी अनेकदा विचार केला आहे. बरोबर निघालेल्यांचे काय काय मागे राहिले असेल? कोणाचे इनाम, कोणाची देशमुखी, कोणाचा वाडा. ज्यांची प्रतिष्ठा पुण्याच्या दरबारातल्या जागेवर अवलंबून होती त्यांना बिठूरला फक्त आठवणी उरल्या. दादांच्या विद्येला मात्र ना सनद लागत होती ना दफ्तर. ती त्यांच्या अंगात होती. लाकूड आणि एरंडेल तर गंगेकाठीही मिळते. दादांनी तिथे खांब रोवला आणि शिकवायला सुरुवात केली.

१८२७ साली बाजीरावाने नानासाहेबांना दत्तक घेतले. त्यांच्याबरोबर वाढणाऱ्या मुलांत तात्या टोपे आणि मोरोपंत तांब्यांची मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, यांची नावे घेतली जातात. या मुलांनी दादांच्या आखाड्यात मल्लखांब केला, असे परंपरा मोठ्या अभिमानाने सांगते. काशीतही दादांचा आखाडा उभा राहिला. कोंडभटनाना गोडबोले हे त्यांचे पट्टशिष्य. त्यांच्या शिष्यपरंपरेतून ही विद्या पुन्हा दक्षिणेत आली आणि बडोद्यापासून मिरजेपर्यंत पसरली. वेताचा मल्लखांब आला, मग चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा सुती दोर आला. दोराची पकड तर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत असते आणि दोराला गाठ मारायची मुभा नसते. दोरावर मुली मुलांच्याही पुढे गेल्या.

बाजीराव १८५१ च्या जानेवारीत बिठूरला वारला. पुढच्याच वर्षी दादा गेले. १८५७ चा वणवा पाहायला ते नव्हते. त्यानंतर बिठूरचा वाडा इंग्रजांनी उद्ध्वस्त केला. खांब मात्र तोवर ठिकठिकाणी रोवले गेले होते. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनला भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके केली. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि युरोप-अमेरिकेतले खेळाडू अंगाला तेल लावून मराठी नावांच्या पकडी करताना दिसले.

आता तर डॉक्टरही पकडीकडे वळले आहेत. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका साध्या यंत्राची मूठ दाबायला लावून त्यांची पकड मोजली होती आणि पुढे काही वर्षे त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली होती. पकड जितकी कमकुवत तितका मृत्यूचा धोका अधिक, असे त्यात आढळले. मूठ म्हणजे साऱ्या देहाच्या ताकदीची बातमी देणारी खूण ठरली. आमच्या वयाच्या माणसांना बरणीचे झाकण उघडेनासे झाले की हे शास्त्र आपोआप समजते. म्हणून काही आजोबांनी खांबावर चढावे असे मी म्हणत नाही. भाजीची पिशवी स्वतःच्या हाताने उचलून जिना चढावा, एवढे पुरे.

नातवंडांची गोष्ट मात्र वेगळी. हल्लीच्या घरात एकच मूल असते. खेळायला कोणी नाही, ही त्याची रोजची तक्रार असते आणि आई-वडिलांना ती खरीही वाटते. अशा मुलाला एकदा मल्लखांबाच्या आखाड्यात नेऊन पाहा. आधी तो नुसता बघेल. मग खांबाला हात लावून कपाळाला लावेल, कारण तिथे सगळी मुले तसेच करतात. उडी मारून अढी घालायला जाईल आणि घसरून खाली येईल. पुन्हा जाईल. पहिल्या दिवशी बहुधा अढी जमणार नाही. मांड्या लाल होतील आणि घरी येताना तेलाचा वास येईल. दुसऱ्या दिवशी तो स्वतः जायला निघाला तर बाळंभटदादांचे नाव त्याला जरूर सांगा.